ऋणाचे पान, प्रतिज्ञेचे पान

मनुष्य दोन वेळी सर्वांत खरे बोलतो, एकदा आभार मानताना आणि एकदा शपथ घेताना. आभार हृदयातून वर येतात, शपथ जिभेवर निखारा ठेवून उच्चारायची असते. आपोलिन बेटिंगर हिच्या प्रबंधात ही दोन्ही होती. आभार पहिल्या पानावर होते, शपथ शेवटच्या पानावर होती, आणि मधल्या एकशे अठरा पानांच्या आडून ती दोन पाने एकमेकांना खोटे पाडत होती.

हे प्रथम ध्यानात आले ते कोणा प्राध्यापकाच्या नव्हे, तिच्या वडिलांच्या.

नॉर्बेर बेटिंगर फोरबाखजवळच्या गावात राहत आणि गेली अठ्ठावीस वर्षे सीमेपलीकडच्या गिअरबॉक्सच्या कारखान्यात कामाला जात. सकाळी फ्रान्समधून निघावे, दिवसभर जर्मनीत घाम गाळावा, संध्याकाळी फ्रान्समध्ये येऊन सूपमध्ये पाव बुडवावा, असे त्यांचे आयुष्य. दोन देशांची करारपत्रे, दोन देशांचे विमे, दोन देशांच्या पेन्शनीचे कागद त्यांच्या हातांखालून गेले होते. त्यातून त्यांना एक सवय जडली होती. कागद कोणताही असो, ते पहिले पान वाचत आणि शेवटचे वाचत. मधली पाने वकिलांच्या पोटापाण्यासाठी असतात, असे त्यांचे म्हणणे. माणूस अडकतो तो पहिल्या पानात किंवा शेवटच्या.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी आपोलिनने बांधणी करून आणलेला प्रबंध त्यांच्यापुढे, स्वयंपाकघरातल्या मेणकापडावर ठेवला. दोन प्रती दोन्ही विद्यापीठांत आदल्याच दिवशी जमा झाल्या होत्या. ही तिसरी घरची. आई मिरेय हिने ओले हात पुसून मुखपृष्ठावर बोट फिरवले, लेकीचे नाव दोनदा वाचले आणि दवाखान्याच्या धोबीखान्यात पाळी होती म्हणून ती निघून गेली. नॉर्बेरनी चष्मा लावला. पहिले पान फ्रेंचमध्ये होते. ते सावकाश, मोठ्याने वाचू लागले.

“विब्के हार्म्स हिला. या प्रबंधातल्या जर्मन ओळी तिच्या हाताने ताठ उभ्या राहिल्या. माझ्या हातून त्या उभ्या राहिल्याच नसत्या.”

मग त्यांनी प्रबंध उलटा केला आणि शेवटचे पान वाचले. ते जर्मनमध्ये होते. मी प्रतिज्ञेवर सांगते की हे लेखन मी स्वतः, कोणाच्याही साहाय्याविना केले आहे. ज्या साधनांचा आधार घेतला ती सर्व नमूद केली आहेत. त्याखाली तारीख, आणि त्याखाली आपोलिनची सही, लांब शेपटीची.

त्यांनी चष्मा काढून मेणकापडावर ठेवला.

“आपो, ह्यातलं खरं कुठलं?”

प्रश्नात राग नव्हता. कारखान्यात पगाराचा कागद चुकला तर ते कारकुनाला ज्या आवाजात विचारत, तोच हा आवाज. आपोलिनने प्रबंध स्वतःकडे ओढला आणि दोन्ही पाने एकामागून एक वाचली.

आता हे कसे घडले ते ऐकावे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, विषय तौलनिक साहित्य, विद्यार्थी बारा. सहा फ्रान्सचे, सहा जर्मनीचे. निम्मे वर्ग जर्मनीतल्या झारब्र्युकेनला, निम्मे फ्रान्समधल्या मेत्झला. झारब्र्युकेनमध्ये निबंध वाचून दाखवला की वर्ग बोटांच्या पेरांनी बाके वाजवी आणि मग विचारी, तुझ्याआधी यावर कोणी कोणी लिहिले ते कुठे आहे? मेत्झमध्ये निबंध वाचून झाला की कोणी टाचणी पडू देत नसे आणि मग विचारी, तुझे तीन भाग कुठे आहेत? एका तीरावर पांडित्य मागत, दुसऱ्या तीरावर घडण मागत, आणि ही बारा मुले दर आठवड्याला गाडीत बसून एका तीराची भीती दुसऱ्या तीरावर वाहून नेत. अखेरीस पदव्या दोन मिळायच्या. पण नियम एकच होता. मिळाल्या तर दोन्ही, गेल्या तर दोन्ही.

आणि जोडीची एक रीत होती. पहिल्या दिवशी प्रत्येक फ्रेंच विद्यार्थ्याला एक जर्मन जोडीदार लाभे, आणि त्या दोघांत मिळून एक पेन्सिल. जर्मनसाठी लाल टोक, फ्रेंचसाठी निळे. एकाने दुसऱ्याचे परभाषेतले लिखाण वाचायचे आणि चुकले असेल तिथे रेघ ओढायची. रेघच. शब्द लिहायचा नाही. रेघेखाली काय चुकले ते ज्याचे त्याने शोधायचे. या पेन्सिलीच्या नियमाची सगळे थट्टा करीत आणि सगळे तो पाळीत, जसा उपवास पाळावा तसा.

आपोलिनच्या वाट्याला विब्के आली. उत्तर समुद्राकाठच्या गावची, सरळ नाकाची, सरळ वाक्यांची मुलगी. तिचे जर्मन धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखे स्वच्छ. आपोलिनचे जर्मन निराळे होते. ते तिने शाळेत शिकण्याआधी कानांनी घेतले होते, स्वयंपाकघरात, वडील शेजाऱ्याशी कुंपणावरून गावच्या जर्मन बोलीत बोलत तेव्हा. त्या बोलीला सगळे प्लाट म्हणत. नॉर्बेर ती लेकीशी कधी बोलले नाहीत, कारण त्यांच्या लहानपणी ती बोलल्याबद्दल फ्रेंच शाळेत कोपऱ्यात उभे करीत. पण लेकराच्या कानाला कोपरा नसतो. ते सारे आत साठत राहिले.

झारब्र्युकेनच्या पहिल्याच वर्गात आपोलिन पाच मिनिटे बोलली, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी हसून, अगदी मायेने म्हणाली, “किती गोड. तू तर आमच्या खाणीतल्या आजोबांसारखी बोलतेस.” बाके वाजली. आपोलिनही हसली. त्या दिवसापासून ती जर्मनमध्ये प्रत्येक वाक्य आधी मनात धुऊन घेई, दोनदा पिळी, आणि तोवर चर्चा पुढे गेलेली असे.

तिच्या प्रबंधाचा विषय होता जेवणाच्या टेबलावरचे मौन. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या फ्रेंच आणि जर्मन कुटुंबकथांत माणसे जेवायला बसतात आणि बोलत नाहीत, ते न बोलणे दोन भाषांत कसकसे लिहिले जाते, हे तिने दोन वर्षे शोधले. फ्रेंच पाने तिने जीव ओतून लिहिली. पण नियमाप्रमाणे शेवटी वीस पानांचा जर्मन सारांश हवा होता. तो तिने लिहिला आणि विब्केकडे दिला. परत आला तेव्हा त्यावर इतक्या लाल रेघा होत्या की पान दुखावल्यासारखे दिसत होते. तिने पुन्हा लिहिला. पुन्हा रेघा. मुदतीला पाच दिवस उरले होते. आपोलिन वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात संगणकाच्या पडद्याकडे पाहत बसून होती. तिच्यापुढचा पाव सकाळपासून तसाच होता. रविवारची दुपार. विब्के आली, तिने तो पाव पाहिला, रेघा पाहिल्या, मैत्रिणीचे ओठ पाहिले.

“सरक,” ती म्हणाली.

तिने संगणक स्वतःकडे ओढला आणि तीन तासांत वीस पाने नव्याने लिहून काढली. पेन्सिल खिडकीत पडून राहिली. आपोलिनला तेव्हा पाप वाटले नाही. ताप उतरावा तसे वाटले. आणि ज्याचा ताप उतरतो तो वैद्याचे पाय धरतो, तसे तिने त्याच संध्याकाळी पहिल्या पानावर विब्केचे नाव लिहिले. ती कृतज्ञता निर्मळ होती, तिच्यात खोट नव्हती. शेवटच्या पानावरची सही मात्र तिने वाचून केलीच नव्हती. दोन वर्षांत तसल्या प्रतिज्ञेखाली ती चारदा सही करून चुकली होती. फ्रान्सची रीत म्हणून पुढे आभार, जर्मनीची रीत म्हणून मागे प्रतिज्ञा. दोन देशांची लेक दोन्ही देशांच्या रीती पाळायला गेली, आणि मधे सापडली.

वडिलांना तिने त्या शनिवारी हे सगळे सांगितले. नॉर्बेर बराच वेळ सुरीने मेणकापडावरचे पावाचे कण गोळा करीत राहिले.

“ती तोंडी परीक्षा कधी म्हणालीस?”

“अकरा जूनला, पप्पा.”

“मी रजा टाकलीय,” ते म्हणाले, आणि उठून बागेत गेले. काय करावे हे त्यांनी सांगितले नाही. सांगितले असते तर बरे झाले असते, असे तिला वाटले. आज्ञा पाळायला सोपी असते. मौन पाळायला जड.

सोमवारी ती विब्केच्या खोलीवर गेली. विब्केकडे चहा म्हणजे एक विधी होता. पेल्यात खडीसाखर, वर सायीचा ढग, आणि तिसरा पेला झाल्याशिवाय पाहुण्याने उठायचे नाही हा तिच्या समुद्रकाठचा कायदा. पहिल्या पेल्याला आपोलिनने दोन्ही पाने तिच्यापुढे धरली. विब्केने ती वाचली आणि हसू लागली. मग तिचे हसू थांबले.

“आभार कोण वाचतं गं?”

“माझ्या वडिलांनी वाचले.”

“तुझे वडील परीक्षक नाहीत, देवाची कृपा.” विब्केने साखरेचा खडा चमच्याने दाबला. “हे बघ. तुझं काम तू केलंयस. मौनाचं काम तुझं, पुस्तकं तू वाचलीस, विचार तुझे. मी फक्त कपडे घातले. कपड्यांवरून कोणी जात नाही तुरुंगात.”

“मग त्यांना सांगून टाकते. सांगायला हरकत काय?”

“हरकत?” विब्के उभी राहिली. “पेन्सिलीचा नियम मी मोडलाय, आपो. तू सांगितलंस की माझं नाव निघणार. माझी परीक्षा त्याच दिवशी, साडेअकराला. तुझी दहाला. तू दहाला पुण्य करणार आणि साडेअकराला माझी पूजा होणार.”

“मी तुझं नाव नाही घेणार.”

“माझं नाव तू आधीच छापलंयस.”

दुसरा पेला निवत होता. विब्केने शेवटी हलक्या आवाजात विनवले, निदान माझे होईपर्यंत थांब, मग तुला हवे ते कर. आपोलिनने मान हलवली, ती होकाराची की नकाराची हे तिचे तिलाच कळले नाही, आणि तिसरा पेला न घेता ती उठली. जिन्यात तिला ते जाणवले. पण ती मागे फिरली नाही.

मग आले ते दिवस असे होते की शत्रूवरही येऊ नयेत. विद्यापीठाचे पत्र आले की ती ते दिवसभर फोडत नसे. ग्रंथालयात कोणी पान उलटले तरी तिला शेवटचे पान उलटल्यासारखे वाटे. ती जेवायला बसे आणि स्वतःच्याच प्रबंधातली वाक्ये आठवून उठे. एकदा ती कार्यालयाच्या दारापर्यंत गेली, प्रती परत मागाव्यात, एक पान हळूच काढून घ्यावे, म्हणून. कोणते काढणार? आभार काढले तर मैत्रिणीचा हात नाकारला. प्रतिज्ञा काढली तर प्रबंधच बाद. ती दारातून परतली. रविवारी गावच्या चर्चमध्ये संत निकोलसाच्या पायाशी तिने मेणबत्ती लावली, आणि लावताना लक्षात आले की आपण काय मागायचे हेच ठरवलेले नाही. कोणाला कळू नये, हे मागायचे? की सांगायचे धैर्य? ज्योत उभी राहिली, मागणे उभे राहिना. अहो, आपल्या आत एक साक्षी बसलेला असतो. त्याला दोन्ही भाषा येतात, आणि त्याच्यासमोर सारांश चालत नाही.

अकरा जूनला मेत्झच्या विद्यापीठातल्या एका खोलीत दोन परीक्षक बसले होते. फ्रान्सच्या बाजूने मादाम तिरिओ, बारीक, ताठ, मनगटी घड्याळ काढून टेबलावर ठेवणाऱ्या. जर्मनीच्या बाजूने प्राध्यापक ओल्टमान्स, भरदार, कोटाच्या बाह्या झिजलेल्या. परीक्षा खुली असते, म्हणून मागच्या खुर्च्यांवर पाचसहा जण होते. नॉर्बेर लग्नाचा कोट घालून आले होते. त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर दोन खोकी ठेवली होती, मिरेयने पहाटे भाजलेले खारे केक आणि बरणीतल्या मिराबेल या पिवळ्या आलुबुखारांचा टार्ट, परीक्षेनंतर सर्वांना द्यायला. त्या खोक्यांना सुतळी बांधलेली होती. आपोलिनची नजर वारंवार त्या गाठीकडे जाई. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, विब्के बसली होती. तिने आपोलिनकडे पाहिले नाही.

आपोलिनने वीस मिनिटे फ्रेंचमध्ये निवेदन केले. मेत्झच्या रीतीप्रमाणे कोणी मधे बोलले नाही. ती बोलत होती, आणि तिला दिसत होते की ओल्टमान्सांपुढच्या प्रतीतून दोन पिवळ्या चिठ्ठ्या बाहेर डोकावत आहेत. एक अगदी पुढे. एक अगदी मागे. तिचा दुसरा भाग संपला आणि तिसरा सुरू झाला, आणि तिला स्वतःचा आवाज लांबून ऐकू येत होता. तिने वेळेवर संपवले. मादाम तिरिओंनी घड्याळ पाहून मान हलवली. त्यांनी दोन प्रश्न विचारले, आपोलिनने दोन्हींची उत्तरे दिली, ती बरी होती.

मग ओल्टमान्सांनी प्रत पुढे ओढली आणि मागच्या चिठ्ठीला बोट लावले.

त्या क्षणी आपोलिनने मागे पाहिले. विब्केची मान खाली होती. वडील कोटाच्या बाहीशी चाळा करीत होते. तिने वचन दिले होते की नव्हते, हे अजूनही तिला ठाऊक नव्हते. पण तो उघडला जाणारा कागद दुसऱ्याच्या बोटाने उघडला जावा, हे तिला सोसवेना.

“सर, तुम्ही विचारायच्या आधी मला सांगायचं आहे,” ती फ्रेंचमध्ये म्हणाली. “शेवटच्या पानावरची प्रतिज्ञा खरी नाही. पहिलं पान खरं आहे. जर्मन सारांश मी लिहिलेला नाही.”

मादाम तिरिओंनी घड्याळ उचलले आणि उगाच पुन्हा ठेवले. ओल्टमान्सांनी पहिले पान उघडून वाचले, मग शेवटचे. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी चिठ्ठ्या काढून हातात घेतल्या.

“माझी ही मागची चिठ्ठी तुमच्या ग्रंथसूचीत आहे,” ते शांतपणे म्हणाले. “एका पुस्तकाचं वर्ष चुकलंय. आणि पुढची अनुक्रमणिकेत. आभार मी वाचत नाही. प्रतिज्ञा तर कोणीच वाचत नाही.”

म्हणजे विब्के खरे बोलली होती. कोणाला कळले नसते. हे आपोलिनला आत्ता समजले. तेवढ्यात मागे खुर्ची सरकली.

विब्के उभी होती. ती फ्रेंचमध्ये बोलली, अडखळत, चुकत, कारण ते तिचे परके फ्रेंच होते आणि त्यावर निळी रेघ मारायला आता कोणी नव्हते. “तिनं मागितलं नव्हतं, मादाम. मी ओढून घेतलं. ती जेवत नव्हती.” एवढेच बोलून ती बसली. मग पुन्हा उठली. “ही सबब नाहीये. फक्त झालं ते सांगितलं.”

मादाम तिरिओ म्हणाल्या की परीक्षा इथेच थांबवणे नियमाला धरून होईल. ओल्टमान्सांनी आपोलिनची प्रत मिटली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले, आणि जर्मनमध्ये म्हणाले, “नियम दहा मिनिटांनी पाळू. बेटिंगरबाई, पुस्तक मिटलंय. या वीस पानांत काय लिहिलंय ते मला सांगा. तुमच्या जर्मनमध्ये.”

आपोलिनने पहिले वाक्य मनात धुवायला घेतले. ते धुऊन होईना. खोलीत कोणी चर्चा पुढे नेत नव्हते, सगळे थांबले होते. शेवटी तिने ते मळकेच बाहेर काढले. ती म्हणाली की फ्रेंच कथांत जेवणारी माणसे गप्प बसतात तेव्हा लेखक त्यांच्या तोंडाकडे पाहतो, आणि जर्मन कथांत हातांकडे, पावावरच्या सुरीकडे, मिठाकडे. ती म्हणाली की आपल्या घरी तिसरेच मौन होते. वडील ज्या भाषेत विचार करतात ती भाषा ते टेबलावर आणत नसत, ती दाराबाहेर बुटांसारखी काढून ठेवत, आणि आपण अशी पुस्तके शोधत होतो ज्यांत ते बूट दिसतील. शब्द रुंद येत होते, स्वर खाली बसत होते, एकदोन प्रत्यय वाटेत गळून पडले. खाणीतल्या आजोबांची ती भाषा होती. ती दहा मिनिटे बोलली, आणि मागच्या रांगेत नॉर्बेर बेटिंगर यांनी हळूच दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि ते तिथेच घट्ट धरून ठेवले.

परीक्षकांनी सर्वांना बाहेर काढले. सगळे व्हरांड्यात थांबले. खोकी आत खिडकीतच राहिली होती. पंचवीस मिनिटे गेली. विब्के भिंतीला टेकून, नॉर्बेर खिडकीशी, आपोलिन मधे. शेवटी विब्के भिंतीकडे पाहत म्हणाली, “तुझा तिसरा पेला राहिलाय.” आपोलिनने तिच्याकडे पाहिले. “आणि साडेअकराला मला फासावर देतील तेव्हा तू समोर बसायचंस. पहिल्या रांगेत.”

निकाल मादाम तिरिओंनी उभ्याने वाचला. प्रबंधाचा फ्रेंच भाग मान्य. सारांश रद्द. प्रतिज्ञा रद्द. उमेदवाराने सारांश नव्याने, एकटीने लिहून तीस सप्टेंबरच्या आत पाठवावा, नव्या प्रतिज्ञेसह. तोवर दोन्ही पदव्या रोखलेल्या. तो नापसंत झाला तर दोन्ही गेल्या, दुसरी संधी नाही. हार्म्स यांना लेखी ताकीद, त्यांची परीक्षा ठरल्या वेळी होईल. कागद खाली ठेवून त्या आपोलिनला एवढेच म्हणाल्या, “आता जे ऐकलं, ते लिहून आणा.” ओल्टमान्सांनी पेरांनी टेबलावर दोनदा ठोकले, कोणी ऐकू नये इतके हळू, आणि सुतळी सोडायला चाकू आहे का म्हणून नॉर्बेरना विचारले. नॉर्बेरच्या खिशात चाकू होता. केक विब्केच्या परीक्षेनंतर संपले.

उन्हाळाभर आपोलिन गावी राहिली. विब्के समुद्रकाठी परत गेली होती, फोनवर दोघी हवापाण्याचे बोलत आणि सारांशाचे नाव काढत नसत. वीस पाने पाचदा लिहिली गेली. भीती गेली नव्हती. ती रोज सकाळी तिच्यासोबत टेबलाशी येऊन बसे, कॉफीत पाव बुडवी आणि म्हणे, हे वाक्य आजोबांचे आहे, काढ. काही दिवशी आपोलिन ते काढी. काही दिवशी ठेवी. बागेतली मिराबेल पिकली, गळली, मिरेयने त्यांचा मुरंबा भरला. सप्टेंबर उजाडला.

वीस तारखेला तिने छापील पाने वडिलांपुढे ठेवली आणि पेन्सिलीचा नियम सांगितला. रेघ चालेल, शब्द नाही. नॉर्बेरनी या वेळी पहिले आणि शेवटचे पान वाचून सोडले नाही. त्यांनी वीसच्या वीस पाने वाचली, ओठ हलवत, दोन दिवस, कामावरून आल्यावर. नवव्या पानाशी ते थांबले. त्यांनी कानामागची सुतारकामाची चपटी पेन्सिल काढली आणि एका शब्दाखाली आखूड रेघ ओढली.

“काय चुकलंय?”

“शब्द नाही म्हणालीस ना?” ते म्हणाले, आणि पुढे वाचू लागले.

तो शब्द तिने दोन दिवस शोधला. तिथे तिने घाबरून पुस्तकी जर्मन घातले होते. टेबलाशी गप्प बसून राहण्याला तिच्या घरी एक साधे क्रियापद होते, आणि ते जर्मन शब्दकोशातही होते, फक्त ती ते लिहायला धजली नव्हती. तिने ते लिहिले.

मग तिने शेवटचे पान पुढे घेतले. प्रतिज्ञेतला प्रत्येक शब्द तिने मोठ्याने वाचला, जसा कोणी व्रताचा संकल्प म्हणावा. ज्या साधनांचा आधार घेतला ती सर्व नमूद केली आहेत, या ओळीखाली तिने शाईने, स्वतःच्या हाताने, जर्मनमध्ये एक ओळ घातली. वडिलांच्या पेन्सिलीची एक रेघ, पान नऊ. पहिल्या पानावर विब्केचे नाव तिने तसेच ठेवले, जर्मन ओळींबद्दलची दोन वाक्ये मात्र काढली. नावाखाली तिने फ्रेंचमध्ये त्या रेघेचेही आभार लिहिले. माझ्या वडिलांना, पान नऊवरच्या एका रेघेबद्दल.

नॉर्बेरनी दोन्ही पाने वाचली, आधी पुढचे, मग मागचे.

“एवढंसंही लिहायचं असतं?”

“हो, पप्पा.”

“मग ते तुझे सर हसतील.”

“हसू देत,” ती म्हणाली, आणि सही केली.